गोरे येण्यापूर्वीचा आफ्रिकी समाज कादंबऱ्यांत एकसंध दिसतो का?

आपला प्रश्न असा आहे की, आधीचा समाज परंपरेच्या बळावर एकसंध उभा होता आणि वसाहतवादाने तो मोडला, हेच आफ्रिकी कादंबऱ्या सांगतात का. माझ्या वाचनात आलेल्या उत्तम कादंबऱ्या असे सांगत नाहीत, आणि चिनुआ अचेबे यांची १९६४ सालची ‘ॲरो ऑफ गॉड’ तर या समजुतीच्या मुळालाच हात घालते.

नायजेरियाच्या इग्बो प्रदेशात १९२०च्या दशकाच्या आरंभी घडणारी ही कथा उमुआरो या सहा गावांच्या समूहाची आहे. ही गावे पूर्वी वेगवेगळी होती आणि प्रत्येकाचे दैवतही वेगळे होते. अबाम टोळ्या रात्री येऊन घरे जाळू लागल्या, माणसे गुलाम करून नेऊ लागल्या, तेव्हा भीतीपोटी ती एकत्र आली, मांत्रिकांकडून त्यांनी उलू हे सामाईक दैवत घडवून घेतले आणि त्याचे पुजारीपण सर्वांत दुबळ्या गावाकडे सोपवले. म्हणजे येथे परंपरा अनादी नाही. संकटात ठरवून केलेली ती जुळणी आहे आणि खुद्द गावकऱ्यांनाही हे ठाऊक आहे. म्हणूनच पुजारी एझेउलूचा प्रतिस्पर्धी न्वाका लोकांना आठवण करून देऊ शकतो की, कुचकामी ठरलेले दैवत शेजारच्या अनिंताच्या लोकांनी शिवेवर नेऊन जाळले होते. मला हे या कादंबरीतले सर्वांत धाडसी स्थळ वाटते, कारण लेखकाने आपल्याच पूर्वजांच्या श्रद्धेचा गाभा, कोठेही तुच्छता न दाखवता, उघडा करून ठेवला आहे.

भाऊबंदकी अशी आधीपासूनच धुमसत असते. ओकपेरी गावाशी जमिनीवरून लढाई होते, इंग्रज अधिकारी विंटरबॉटम ती थांबवून उमुआरोच्या बंदुका मोडतो, आणि चौकशीत एझेउलू एकटाच आपल्या लोकांच्या विरोधात जाणारे सत्य सांगतो. त्याचे हे खरे बोलणे गाव कधीच विसरत नाही. पुढे तोच पुजारी आपल्या एका मुलाला चर्चमध्ये पाठवतो, कारण त्या लोकांत आपला एक डोळा असावा, असे त्याला वाटते. त्या मुलाने पवित्र अजगराला पेटीत कोंडल्यावर गावाचा संशय अधिकच वाढतो.

इग्बो समाजात बहुतेक ठिकाणी राजे नव्हते, परंतु अप्रत्यक्ष राज्यकारभाराच्या धोरणासाठी इंग्रजांना प्रमुख हवे होते, म्हणून त्यांनी सनद देऊन ‘वॉरंट चीफ’ नेमले. (या व्यवस्थेविरुद्धचा आणि कराच्या भीतीचा प्रत्यक्ष स्फोट १९२९ साली इग्बो स्त्रियांच्या मोठ्या उठावात झाला.) हे पद नाकारल्याबद्दल एझेउलूला अटकेत ठेवले जाते आणि त्या काळात दोनदा नवी चंद्रकोर उगवून जाते. प्रत्येक चंद्रकोरीला एक पवित्र याम-कंद खायचा आणि शेवटचा एक उरला की नवान्नाचा दिवस जाहीर करायचा, असा नेम असल्यामुळे दोन कंद मागे राहतात. पीक शेतात उभे असूनही तो कापणीला अनुमती देत नाही. जाणती माणसे नियमभंगाचे पाप स्वतःच्या शिरावर घ्यायला तयार होतात, तरी तो हलत नाही. ही देवाची आज्ञा की दुखावलेल्या माणसाचा सूड, हे अचेबे शेवटपर्यंत ठरवून देत नाहीत, आणि ते त्यांनी मोकळे सोडले हे योग्यच झाले.

येथे इंग्रजांना निर्दोष ठरवता येत नाही, कारण ती अटक झाली नसती तर नेम चुकला नसता. तथापि विंटरबॉटमला चंद्रकोरीचा हिशेब कधी कळतही नाही. तुटण्याची जागा आतच तयार होती. उपासमार ओढवलेले लोक अखेर चर्चला कंद वाहतात आणि त्याच्या आश्रयाने कापणी करतात. भीतीपोटी ज्या दैवताभोवती ते एकत्र आले होते, त्याच्यापासून भुकेपोटी दूर जातात.

केनियाच्या न्गुगी वा थिओंगो यांच्या १९६५ सालच्या ‘द रिव्हर बिटवीन’मध्ये दोन डोंगरधारा होनिया नदीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर आहेत. तेथे मुलींच्या सुंतेच्या प्रथेवरून ख्रिस्ती आणि परंपरावादी यांच्यात फूट पडते, आणि शाळा काढण्यात गढून गेलेल्या वायाकीला एकीचा उच्चार करण्याची वेळ निघून गेल्याचे फार उशिरा उमगते. कादंबरी मनाला भिडते, पण तिच्यातील परंपरेचे चित्रण मला अचेबे यांच्याइतके खोल वाटत नाही.

आपण आधी ‘ॲरो ऑफ गॉड’ वाचावी. अचेबे यांनी १९७४ साली तिची सुधारित आवृत्ती काढली होती. मिळाल्यास तीच घ्यावी.