फॉर्म्युला वनमध्ये सतत शेवटी राहणाऱ्या संघांना जागा द्यावी का?

हो, द्यावी, फक्त किमान वेगाची अट हवी. मिनार्डी या छोट्या इटालियन संघाचंच बघा. १९८५ ते २००५, एकदाही पोडियम (पहिल्या तिघांत स्थान) नाही! पण फर्नांडो अलोन्सो २००१ मध्ये याच संघातून आला आणि २००५ मध्ये विश्वविजेता झाला. पुढे रेड बुलने हा संघ घेऊन त्याचा टोरो रोसो केला आणि २००८ मध्ये व्हेटेलने त्याच संघाला मोंझाची शर्यत जिंकून दिली. पुढे शर्यती जिंकणाऱ्या डॅनियल रिकार्डोची सुरुवातही एचआरटी या अशाच मागे राहणाऱ्या संघात, भारताच्या नारायण कार्तिकेयनच्या जागी. नव्या ड्रायव्हरला थेट फेरारीत कोण घेणार?

अटीसाठी १०७ टक्क्यांचा नियम आहेच: शर्यतीतला सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या पात्रता फेरीच्या पहिल्या सत्रातल्या सर्वांत जलद वेळेच्या १०७ टक्क्यांत लॅप (ट्रॅकचा एक फेरा) बसायला हवा. एचआरटीच्या दोन्ही गाड्या २०११ आणि २०१२ च्या ऑस्ट्रेलियन ग्रांप्रीतून त्यामुळेच बाहेर राहिल्या, आणि ते योग्यच झालं.