अंगणातल्या ड्राइव्हवेला भेगा पडल्यात. वरून थर द्यावा की उखडून नवीन करावा? ठेकेदाराशी काय ठरवावं?

आधी भेगेच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवून बघा. कडा एका पातळीत असतील तर भेग भरून भागतं. एक बाजू खचलेली लागली तर खालचा भराव बसलाय. त्यावर नवा थर देणं म्हणजे पैसे पाण्यात. तिथे उखडायलाच हवं.

ठेकेदाराला दराआधी हे विचारा, की खाली काय करणार? खडी किती जाडीची, दाबून घेणार का? काँक्रीट बहुतेक वेळा खालूनच मार खातं, आणि स्वस्त दरात कात्री नेमकी तिथेच लागते. दरपत्रकात नुसतं ‘काँक्रीट करून देणे’ असेल तर सही करू नका. मोटारीसाठी निदान 100 मिमी जाडी, घरापासून बाहेर मीटरला सुमारे 2 सेंमी उतार, सांधे (भेग वेडीवाकडी न जाता तिथेच पडावी म्हणून ठेवलेल्या खाचा) किती अंतरावर, राडारोडा कोण उचलणार, सगळं लेखी घ्या.

काँक्रीट ओतताना जाडी मोजायला टेप घेऊन हजर राहा. पसरायला सोपं जावं म्हणून कामगार वरून पाणी ओततात, ते थांबवा. त्याने ताकद घटते. पुढे निदान 7 दिवस ओलं ठेवा, तोवर गाडी नको. मोठी रक्कम आगाऊ देऊ नका, शेवटचा हप्ता पाणी ओतून उतार तपासल्यावरच द्या.