ओळखीचे चेहरे आणि जोडलेले विषय

प्रश्न : विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचे विषय निवडताना ‘लर्निंग कम्युनिटी’ असा एक पर्याय समोर आला आहे. त्यात पंचवीसेक विद्यार्थ्यांना दोन-तीन विषय एकत्र शिकावे लागतात. ही शाळेतली तुकडीच नव्हे का? शिवाय अभ्यासाचा भार वाढेल का?

उत्तर : तुकडीची उपमा अर्धीच लागू पडते. तुकडीत मुले एकत्र बसतात, पण एका शिक्षकाने काय शिकवले याची दुसऱ्याला सहसा खबर नसते. ‘लर्निंग कम्युनिटी’त, म्हणजे अध्ययन-समुदायात, विषयांनीही एकमेकांशी बोलावे अशी अपेक्षा असते. उदाहरणार्थ, ‘पाणी’ हे सूत्र ठरले, तर रसायनशास्त्राच्या तासाला तपासलेल्या नमुन्यांवर लेखनाच्या तासाला निबंध लिहिला जातो आणि ते पाणी कोणाच्या वाट्याला येते याची चर्चा समाजशास्त्रात होते. या कल्पनेचे मूळ जुने आहे. शिक्षणतज्ज्ञ अलेक्झांडर माइकलजॉन यांनी 1927 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात काढलेल्या प्रायोगिक महाविद्यालयात पहिले वर्षभर प्राचीन अथेन्सचाच अभ्यास होत असे. ते 1932 मध्ये बंद पडले. आजचे रूप त्या मानाने बरेच सौम्य आहे.

विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडतात ते केवळ गुण कमी पडल्यामुळे नव्हे, तर महाविद्यालयातील अभ्यासात आणि माणसांत ते रुजत नाहीत म्हणूनही, असे अमेरिकी शिक्षण-संशोधक व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 मध्ये मांडले, आणि या पर्यायाचे समर्थक त्याचाच आधार घेतात. मात्र यातून चमत्काराची अपेक्षा धरू नये. न्यूयॉर्कमधील किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजात सोडतीने गट पाडून केलेल्या अभ्यासात समुदायातील विद्यार्थी पहिल्या सत्रात अधिक विषय उत्तीर्ण झाले. पुढे मात्र हा फरक माफकच राहिला.

जोडलेले विषय बहुधा अभ्यासक्रमातलेच असल्याने भार फारसा वाढत नाही. कोठे कोठे एखादे छोटे चर्चासत्र जादा असते, ते आधी पाहावे. मला खरी अडचण वेगळीच वाटते. गट फार घट्ट झाला की एकाने गृहपाठ टाळला तर सगळेच टाळतात, आणि एका शिक्षकाविषयीची नाराजी साऱ्या वर्गाची होते.

म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी कार्यालयात एवढेच विचारा, की हे विषय शिकवणारे प्राध्यापक सत्रापूर्वी एकत्र बसतात का, आणि निदान एक तरी प्रकल्प दोन्ही विषयांत मिळून तपासला जातो का. उत्तर नकारार्थी आले, तर तुमची तुकडीची शंका रास्त आहे आणि विषय स्वतंत्रपणे निवडण्यात तुमचे काही नुकसान नाही.