रश (फ्रॅटर्निटीत नवे सदस्य निवडायचा काळ) सुरू व्हायच्या आधी एवढं बघ

अरे, कुठल्या फ्रॅटर्निटीत, म्हणजे अमेरिकन कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या क्लबात, जायचं म्हणून घाबरू नकोस. फक्त मुलांची बरी की को-एड, म्हणजे मुलं-मुली दोघांची, हा वाद अमेरिकेतही मिटलेला नाही. हार्वर्डने 2016 मध्ये फक्त मुलांच्या किंवा फक्त मुलींच्या क्लबांत जाणाऱ्यांवर निर्बंध जाहीर केले, 2020 मध्ये मागे घेतले! तेव्हा तू बाजू निवडत बसू नकोस, माणसं बघ.

- फ्रॅटर्निटी म्हणजे फक्त मुलगे, असं धरून चालू नकोस. अल्फा फाय ओमेगा ही सेवाकार्य करणारी फ्रॅटर्निटी 1976 पासून मुलींनाही घेते. पण को-एड म्हणजे आपोआप सभ्य, हाही गैरसमजच.
- पार्टीला भुलून होकार देऊ नकोस. एखाद्या मंगळवारी दुपारी त्यांच्या घरी जा. सिंकमधली खरकटी भांडी कोण घासतंय ते कळेल.
- वर्गणी आधीच विचार. लाजायचं काय त्यात?
- दारू पाजायची जबरदस्ती झाली, तर सरळ उठून ये.

टायटल नाइन (शिक्षणात लिंगावरून भेदभावाला मनाई करणारा अमेरिकी कायदा) वगैरेचं नंतर बोलू.