पोस्टफिक्स पुन्हा बसवल्याने अडकलेले मेल सुटतात का?

उबुंटूवरील पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या सर्व्हर-प्रोग्राममधून कार्यालयातल्या कार्यालयात मेल पोहोचतात, बाहेरचे मात्र रांगेत अडकतात आणि लॉगमध्ये ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ दिसते. अशा वेळी पोस्टफिक्स काढून पुन्हा बसवावे का, असे आपण विचारले आहे. बसवू नये. ‘ॲप्ट रिमूव्ह’ने प्रोग्राम जातो, पण मेन.सीएफ ही सेटिंग्जची फाइल जागेवरच राहते, त्यामुळे नव्याने बसवल्यावरही जुनीच सेटिंग्ज लागू होतात.

पुन्हा बसवण्याचा हाच सल्ला इंदूरमधील एका मराठी पतसंस्थेत ठेकेदाराच्या ज्येष्ठ तंत्रज्ञांनी दिला होता आणि तो मला आजही सलतो. वार्षिक सभेच्या सूचना रांगेत तुंबल्या, तेव्हा ‘पोस्टसुपर’ या रांग हाताळणाऱ्या आज्ञेने सगळी रांग पुसून सर्व्हर नव्याने उभा करावा, असे त्यांनी ठरवले होते. मी ते होऊ दिले नाही, कारण रांगेतले मेल हा कचरा नसून सभासदांच्या नावे निघालेली संस्थेची कागदपत्रे असतात. लॉग पाहिला तेव्हा जीमेल असो वा याहू, प्रत्येक ठिकाणी सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या २५ क्रमांकाच्या पोर्टवरच जोडणी अडत होती, तर त्याच सर्व्हरवरून मेलसेवेकडे मेल सोपवण्याचा ५८७ पोर्ट तत्काळ उघडत होता; म्हणजे अडथळा पोस्टफिक्समध्ये नसून इंटरनेट पुरवठादाराकडे होता, कारण स्पॅम रोखण्यासाठी बाहेर जाणारा २५ अनेक पुरवठादार बंद ठेवतात. बाहेरचे मेल कोणामार्फत पाठवायचे ते सांगणाऱ्या ‘रिलेहोस्ट’ या सेटिंगमध्ये संस्थेच्या मेलसेवेचा पत्ता ५८७ पोर्टसह लिहिला, पासवर्डची फाइल पोस्टफिक्सला वाचता यावी म्हणून तिच्यावर ‘पोस्टमॅप’ चालवले, रीलोड करून रांगेतले मेल पुन्हा पाठवायला लावणारे ‘पोस्टक्यू -एफ’ दिले आणि एकही सूचना न गमावता रांग रिकामी झाली. ते गृहस्थ अजूनही रीस्टार्टचेच श्रेय सांगतात. पुरवठादाराने बंद केलेला पोर्ट आपल्या सर्व्हरच्या रीस्टार्टने उघडत नाही, हे मी तेव्हाही म्हटले होते. आपल्यालाही कोणी ‘सगळे पुसा’ म्हणाले, तर लॉगमधील कोणत्या ओळीवरून, हे त्यांना आधी विचारा.

मात्र आपल्या लॉगमध्ये ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ केवळ आयपीव्ही६ (नव्या पद्धतीच्या इंटरनेट) पत्त्यांपुढे असेल, तर त्याकडे वेगळे पाहावे लागेल. आणि ५५० सारखा पाचाने सुरू होणारा कोड आला, तर पलीकडच्या सर्व्हरने मेल नाकारला आहे, तेव्हा पाठवणारा सर्व्हर खरा असल्याची खात्री पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि रिव्हर्स डीएनएस या नोंदी तपासाव्यात. जे काही कराल ते लवकर करा, कारण मूळ सेटिंग बदलले नसेल, तर पोस्टफिक्स अडकलेला मेल पाच दिवसांनंतर पाठवणाऱ्याकडे परत करतो.