वेगळा, भिन्न की फुटलेला? नवीन शिकणाऱ्यासाठी

हे बघ, मराठी शिकताना सगळीकडे 'भिन्न' टाकू नकोस. वाक्य चुकत नाही, पण भाजीवाल्या मावशींना 'मला भिन्न वांगी द्या' म्हणालास तर त्या आधी हसतील मग वांगी देतील. तिथे सरळ 'दुसरी द्या'. भिन्न हा पेपरातला, भाषणातला शब्द, 'दोघांची मतं भिन्न आहेत' वगैरे.

बोलताना 'वेगळा' वापर, फक्त तो नामाप्रमाणे बदलतो हे लक्षात ठेव : वेगळा डबा, वेगळी चव, वेगळं तिकीट. तुलना करायची तर 'पेक्षा' लाव, 'ही चटणी कालच्यापेक्षा वेगळी आहे'. आणि अनेक प्रकार सांगायचे असले की 'वेगवेगळे', म्हणजे 'स्टॉलवर वेगवेगळे वडे होते'. एक गंमत, 'ते वेगळे राहतात' म्हटलं की लोक बहुतेक वेळा घर वेगळं केलं असंच समजतात, स्वभावाबद्दल बोलायचं असेल तर 'तो जरा वेगळाच आहे' म्हण, तो 'च' महत्त्वाचा, त्यात थोडा टोमणाही असतो बरं का.

आता रस्ते किंवा रेल्वेच्या लाइनी एकमेकांपासून लांब जातात तेव्हा विशेषण शोधत बसूच नकोस यार, 'फुटणे' हे क्रियापद घे. मुंबईच्या लोकलचंच बघ : 'कल्याणनंतर लाइन फुटते, एक कसाऱ्याला, एक कर्जतला.' 'वडाळ्याच्या पुढे हार्बर लाइनला दोन फाटे फुटतात, एक कुर्ल्यावरून पनवेलला, दुसरा गोरेगावला.' स्टेशनवर कुणाला विचारायचं असेल तर 'ही कुठली, कसारा की कर्जत?' एवढंच पुरे.