लेप दिलेलं वीजवाहक कापड: घाम का साचतो आणि लहरी कुठून निसटतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पॉलिएस्टर-सुती कापडावर पॉलियुरेथेनमध्ये कार्बन ब्लॅक (काजळीसारखी वीजवाहक पूड) मिसळून नाइफ कोटिंग केलंत, म्हणजे पात्याने लेप पसरवलात, रेडिओ लहरी अडवण्यासाठी थर वाढवत गेलात. आता कापड ताडपत्रीसारखं ताठ झालंय, आत घाम साचतो आणि शिल्डिंगही, म्हणजे लहरी अडवण्याची क्षमता, फारशी वाढलेली नाही. संरक्षण हवं तर आराम सोडायचाच का?

नाही, सोडायचा नाही. लहर ज्या भोकातून निसटते आणि घामाची वाफ ज्या भोकातून जाते, त्यांच्या मापात जमीन-अस्मानाचा फरक आहे. १ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३० सेंटिमीटर असते. उभ्या-आडव्या धाग्यांमधल्या फटी मिलिमीटरपेक्षाही लहान. त्यातून हवा आणि वाफ सहज जाते, लहर मात्र फारच थोडी. अशा फटी बुजवल्याने संरक्षणात फारशी भर पडत नाही, आराम मात्र पुरता जातो. तुमचं कापड उजेडासमोर धरून भिंगातून बघा. धाग्यांमधल्या चौकोनी खिडक्यांवर लेपाचा पापुद्रा ताणलेला दिसेल. कापडाला ओठ लावून फुंकर मारलीत तर पलीकडे हाताला काहीच लागणार नाही. शिवाय हा पापुद्रा धाग्यांना एकमेकांवर सरकू देत नाही, म्हणून कापड वाकत नाही आणि अंगासरशी पडत नाही.

म्हणजे लेप धाग्याभोवती हवा, खिडकीवर नको. त्यासाठी पातळ द्रावणात बुडवून रोलरमधून पिळणं, तंतूवरच पॉलिपायरोल हे वीजवाहक पॉलिमर तयार होऊ देणं, किंवा विजेशिवाय होणारं तांब्या-चांदीचं रासायनिक प्लेटिंग, हे मार्ग आहेत. पॉलिएस्टरचा पृष्ठभाग आधी अल्कलीने किंवा प्लाझ्माने खडबडीत करून घ्या, नाहीतर थर धरत नाही.

आता शिल्डिंग का वाढलं नाही ते. पातळ थरासाठी हिशोब जवळजवळ पूर्णपणे पृष्ठरोधावर, म्हणजे थराच्या चौरस तुकड्याच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंतच्या विद्युतरोधावर, ठरतो. लहरींच्या उगमापासून दूर असताना १०० ओम प्रति चौरसला साधारण ९ डेसिबल, १० ओमला २६, १ ओमला ४५ मिळतात. २० डेसिबल म्हणजे ९९ टक्के शक्ती अडली, ४० म्हणजे ९९.९९ टक्के. थर दुप्पट केला की रोध निम्मा होतो आणि फार तर ६ डेसिबल वाढतात. कार्बन ब्लॅकचा लेप बहुतेकदा १०० ओमच्या वरच राहतो, त्यामुळे जाडीने तो पल्ला गाठता येत नाही. पदार्थच बदलावा लागेल, आणि इथे धातूचा अतिपातळ थर जिंकतो. फक्त ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रासाठी यातलं काहीच उपयोगी नाही. त्या वारंवारतेला तांब्यात लहर शिरण्याची खोलीच सुमारे ९ मिलिमीटर असते.

स्थिरविद्युत घालवणं एवढाच हेतू असेल तर इतकी वाहकता नकोच. ईएन ११४९-५ या स्थिरविद्युत घालवणाऱ्या कपड्यांच्या युरोपीय मानकात पृष्ठरोधाची मर्यादा २५० कोटी ओम आहे. तिथे कापडात ठरावीक अंतरावर विणलेले वाहक धागे पुरतात आणि कापड मऊ राहतं. घालणाऱ्याचं अर्थिंग मात्र हवंच. उलट, अगदी कमी रोधाचं कापड घालून उघड्या चालू तारांजवळ काम करू नका; त्यासाठीचे वाहक पोशाख वेगळ्या मानकाने तपासलेले असतात.

शिवणीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. दोन तुकड्यांचे वाहक पृष्ठभाग एकमेकांना टेकले नाहीत आणि ५ सेंटिमीटरची फट राहिली, तर १ गिगाहर्ट्झला त्या जागी जेमतेम १० डेसिबल उरतात, कापड ६० डेसिबलचं असलं तरी. कडा एकमेकींवर दुमडून वाहक धाग्याने शिवा आणि शिवणीच्या आरपार रोध मोजा. मोजताना मल्टिमीटरच्या टोकदार सुया टोचू नका. चौरसाच्या दोन समोरासमोरच्या कडांवर धातूच्या पट्ट्या दाबून मोजा, तेव्हाच आकडा भरवशाचा येतो.

त्वचेचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. निकेलने पुरळ येणारी माणसं बरीच असतात आणि घामात निकेल विरघळून बाहेर येतं. निकेलचा थर अंगाला थेट लागेल असं कापड कुणालाही घालायला देऊ नका. आत पातळ विणीचं अस्तर द्या. ते घाम टिपतं आणि थराला घामापासून वाचवतं. घामातल्या क्षारांनी तांबं हिरवं पडतं, चांदी काळवंडते. पॉलिपायरोल अल्कली डिटर्जंटने वाहकता गमावतं. चांदीच्या कापडाला क्लोरीनचं ब्लीच अजिबात लावू नका.

घामासाठी आयएसओ ११०९२ या आंतरराष्ट्रीय मानकातली तापलेल्या ओल्या प्लेटवरची चाचणी करून घ्या, पण अस्तरासकट. नुसत्या वरच्या कापडाचा आकडा घालणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. शिल्डिंग आणि रोध धुण्याआधी, धुतल्यावर आणि घडी चुरगळल्यावर असे तिन्ही वेळा मोजा. धातूचा थर घडीवर तडकतो, आणि सपाट ठेवलेल्या नव्या नमुन्यात ते कधीच दिसत नाही.

तुम्हाला कोणत्या वारंवारतेचं संरक्षण हवंय आणि कापड किती वेळा धुतलं जाणार, हे कळवलंत तर कोणता थर घ्यावा ते नेमकं सांगता येईल.